लेबनॉनचे लोक फिनिशियनांचे वंशज आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनिशियन म्हणजे नेमके कोण?

इ.स.पू. १२०० च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरची मोठमोठी राज्यं कोसळली. त्या पडझडीतून वर आलेल्या बंदरांमधली ही माणसं. टायर, सिडोन, बिब्लॉस, बैरूत ही त्यांची शहरं आजच्या लेबनॉनमध्ये आहेत आणि अरवादचं बेट सीरियात. देवदाराचं लाकूड, काचेची भांडी, हस्तिदंताचं कोरीवकाम आणि जांभळा रंग हा त्यांचा माल. व्यापार करत करत ते स्पेनच्या कादिथपर्यंत पोचले. ट्युनिशियातलं कार्थेज वसवलं ते टायरच्या लोकांनी.

त्या जांभळ्या रंगाची किंमत कळायला एक आकडा पुरे. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री गोगलगायींपासून हा रंग काढला, तेव्हा १२,००० गोगलगायींमधून त्याच्या हाती लागला फक्त १.४ ग्रॅम. सैदा शहरात (जुनं सिडोन) या गोगलगायींच्या फोडलेल्या शंखांची अख्खी टेकडी होती. त्या धंद्याचा वास गावभर पसरत असणार.

ते स्वतःला ‘फिनिशियन’ म्हणवत होते का?

नाही. हा शब्द ग्रीकांचा, आणि बहुधा त्या लालजांभळ्या रंगावरूनच पडलेला. माणूस स्वतःची ओळख सांगायचा ती गावावरून: मी सिडोनचा, मी टायरचा. व्यापक नाव घ्यायची वेळ आलीच तर ‘कनानी’, म्हणजे कनान या पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशातला. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन लिहितात, की आमच्याकडच्या खेडुतांना तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर ते आपल्या प्युनिक (म्हणजे कार्थेजकडच्या फिनिशियन) बोलीत ‘कनानी’ असं सांगतात. इतिहासकार जोसेफीन क्विन यांनी २०१८ मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटलं, की ‘फिनिशियन’ नावाचा स्वतःची जाणीव असलेला एक समाज असल्याचा पुरावाच मिळत नाही. आपापल्या बंदराशी निष्ठा ठेवणारी, शेजारच्या बंदराशी स्पर्धा करणारी शहरं होती, एवढंच.

म्हणजे ज्या ‘राष्ट्रा’चा वारसा सांगितला जातो, त्या राष्ट्राला स्वतःचा पत्ता नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आपण फिनिशियन आहोत हे लेबनीज लोक कधीपासून म्हणू लागले?

फार जुनी गोष्ट नाही, जेमतेम दीड शतक. लेबनॉन पर्वतातले मॅरोनाइट ख्रिश्चन त्याआधी आपलं मूळ सांगायचे ते ‘मरदा’ नावाच्या लढवय्यांपर्यंत, म्हणजे बायझंटाइन काळापर्यंत नेऊन. किनाऱ्यावरच्या त्या मूर्तिपूजक खलाशांशी नातं जोडायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

१८६० मध्ये पर्वतात द्रुझ (इस्लाममधून निघालेला एक पंथ) आणि मॅरोनाइट यांच्यात भीषण कत्तली झाल्या. तिसऱ्या नेपोलियनने ख्रिश्चनांच्या रक्षणासाठी म्हणून फ्रेंच फौज पाठवली आणि त्या फौजेबरोबर अर्नेस्ट रेनां नावाचा विद्वान आला, फिनिशियन अवशेष शोधायला. खोदायला मजूर म्हणून सैनिकच. रेनांची बहीण आंरिएत या मोहिमेत १८६१ मध्ये तापाने गेली आणि बिब्लॉसजवळच्या अमशीत गावात तिला पुरलं. १८६४ मध्ये मोहिमेचा अहवाल आला आणि ‘फिनिशिया’ नावाचा एक प्रदेश युरोपच्या नकाशावर पक्का झाला.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १८७५ मध्ये बैरूतला सेंट जोसेफ विद्यापीठ काढलं. तिथे फ्रेंचमध्ये शिकलेल्या पिढीला हा इतिहास वर्गातच मिळाला. पण त्याचं राजकारण व्हायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. १९१५ ते १९१८ या काळात पर्वतावर असा दुष्काळ पडला, की साधारण दोन लाख माणसं गेली, म्हणजे तिथल्या लोकसंख्येचा अंदाजे तिसरा हिस्सा. समुद्राची नाकेबंदी, टोळधाड, धान्यावर ऑटोमन अंमलदारांचा ताबा, वर साठेबाज, असं सगळं एकदम आलं. त्यातून वाचलेल्यांनी एक धडा घेतला: नुसत्या डोंगरावर देश उभा राहत नाही, धान्याचं खोरं आणि बंदरं हातात हवीत.

युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये चार्ल्स कोर्म या तरुण कवीने बैरूतमध्ये ‘ला रेव्ह्यू फेनिसिएन’ (फिनिशियन समीक्षा) नावाचं फ्रेंच मासिक काढलं. हा कवी पुढे फोर्ड मोटारींचा एजंट झाला आणि त्यात बक्कळ पैसा केला. फिनिशियन वारसा म्हणावा तर हाच! त्याच सुमारास यूसुफ अस-सौदा यांनी अरबी भाषेत हाच दावा मांडला. बँकर आणि लेखक मिशेल शिहा यांनी त्याला जरा मऊ रूप दिलं: लेबनॉन म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेला, सगळ्यांशी व्यापार करणारा, अल्पसंख्याकांचा देश. १९२६ च्या राज्यघटनेच्या मसुद्यामागे शिहांचा मोठा हात होता.

म्हणजे हे पिल्लू फ्रेंचांनी सोडलं?

अर्धं खरं. उत्खनन, शाळा, वस्तुसंग्रहालय ही सगळी साधनं त्यांची, आणि अरबांपासून वेगळा असा लेबनॉन त्यांच्या सोयीचाही होता. १९२० च्या मार्चमध्ये दमास्कसला अरब राजपुत्र फैसलने अरब राज्य जाहीर केलं. जुलैमध्ये फ्रेंचांनी मैसलूनच्या लढाईत ते मोडलं आणि १ सप्टेंबरला जनरल गुरो यांनी बैरूतमध्ये ‘विशाल लेबनॉन’ची घोषणा केली. पण ही मागणी पॅरिसच्या शांतता परिषदेत नेली होती मॅरोनाइट धर्मगुरू एलियास हुवैक यांनी. त्यांना फक्त पर्वत नको होता. बेका खोरं हवं होतं, त्रिपोली, बैरूत, सैदा, टायर हवी होती.

इथेच फिनिशियन उपयोगी पडले. डोंगरातल्या ख्रिश्चनांचा या बंदरांवर हक्क काय, या प्रश्नाला चर्चच्या इतिहासात उत्तर मिळत नव्हतं. तीन हजार वर्षं मागे गेलं की मिळत होतं. माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. लोक रक्ताबद्दल भांडत असल्यासारखे दिसतात, पण भांडण सुरुवातीपासून हद्दीचं आहे.

सगळे लेबनीज हा दावा करतात का?

मुळीच नाही. तो प्रामुख्याने मॅरोनाइटांचा, त्यातही शहरी, फ्रेंच शिकलेल्या वर्गाचा. किनाऱ्यावरच्या सुन्नींना १९२० मध्ये हा नवा देशच नको होता. त्यांचा ओढा दमास्कसकडे. द्रुझ घराणी आपलं मूळ अरब टोळ्यांत शोधतात. दक्षिणेतल्या जबल आमिलचे शिया आपलं नातं ‘आमिला’ या येमेनी टोळीशी सांगतात.

यातली गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हा वारसा सांगितला जातो ती शहरं पाहा. टायर आज शियाबहुल आहे, सैदा सुन्नीबहुल. टायरच्या अवशेषांजवळच्या रस्त्यावर फलक दिसतात ते शियांचे नेते इमाम मूसा सद्र यांचे. फिनिशियनांच्या गल्लीत राहणारा मासेमार स्वतःला अरब म्हणवतो आणि कधी होडीत न बसलेला डोंगरावरचा शेतकरी स्वतःला खलाशांचा वंशज.

ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची तिसरीच तऱ्हा. त्यांच्यातल्या अंतून सादेह यांनी १९३२ मध्ये सीरियन राष्ट्रवादी पक्ष काढला. त्यांनाही फिनिशियनांचा अभिमान होता, पण ते म्हणत की फिनिशियन हे सीरियनच, तेव्हा लेबनॉन वेगळा कशाला? पूर्वज तेच, नकाशा उलटा. १९४९ मध्ये बंडाच्या आरोपावरून लेबनीज सरकारने त्यांना एका रात्रीच्या खटल्यात गोळ्या घातल्या.

डीएनए काय सांगतो? तो तरी खोटं बोलणार नाही ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे.

सैदामध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने बरीच वर्षं उत्खनन चालू आहे. तिथे सापडलेल्या, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या पाच व्यक्तींचा जनुकीय आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कानाच्या आतलं हाड अगदी टणक असतं, उष्ण हवेतही त्यात थोडा डीएनए टिकून राहतो. तिथून तो मिळवला. मग आजच्या ९९ लेबनीज लोकांशी त्याची तुलना केली. निष्कर्ष असा, की आजच्या लेबनीजांचा सुमारे ९३ टक्के वारसा त्या कांस्ययुगीन कनानी लोकांसारख्या लोकसमूहाकडून आलेला आहे. उरलेला हिस्सा उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाशी नातं असलेल्या, नंतर मिसळलेल्या लोकांचा.

बातमी आली तेव्हा बैरूतमधल्या काहींनी ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असा सूर लावला. पण त्याच अभ्यासकांच्या गटातले लेबनीज जनुकशास्त्रज्ञ पियर झलुआ वर्षानुवर्षं सांगत आलेत, की हा वारसा ख्रिश्चन आणि मुसलमान दोघांतही आहे. पंथापंथांत काही फरक दिसतात, धर्मयुद्धांच्या काळातल्या युरोपीय किंवा अरबस्तानातून आलेल्या पुरुषवंशांचे थोडे धागे कुठे जास्त कुठे कमी सापडतात. त्याखालचा पाया मात्र सगळ्यांचा एकच. म्हणजे तुम्ही फिनिशियन असाल तर तुमचा हिजबुल्लावाला शेजारीही फिनिशियन. आणि तो वारसा सीमेपाशी थांबत नाही. सीरियन, पॅलेस्टिनी, ज्यू यांच्यातही कनानी काळातला मोठा वाटा आहे. ज्या दाव्याचा हेतू वेगळेपण दाखवणं हा होता, त्याला पुरावा मिळाला तो सारखेपणाचा.

आणखी एक. ३,७०० वर्षांपूर्वीची ती माणसं काटेकोरपणे बोलायचं तर ‘फिनिशियन’ म्हणतात त्या काळाच्या आधीची आहेत.

कार्थेजचे लोकही फिनिशियनच ना?

संस्कृतीने होय. रक्ताने जवळपास नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये २१० प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. पश्चिम आणि मध्य भूमध्य समुद्रातल्या प्युनिक वस्त्यांमध्ये लेव्हंटचा, म्हणजे पूर्व किनाऱ्याचा, वारसा नगण्य निघाला. तिथले बहुतेक लोक सिसिली आणि एजियन भागातल्या लोकांच्या जवळचे, पुढे त्यात उत्तर आफ्रिकेची भर. तरी भाषा फिनिशियन, देव फिनिशियन, पुरण्याच्या पद्धती फिनिशियन.

आता हे लेबनॉनशेजारी ठेवून पाहा. तिथे रक्त राहिलं आणि भाषा, देव, चालीरीती सगळं गेलं. दोघांपैकी वारस कोणाला म्हणायचं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

सातव्या शतकात आलेल्या अरबांनी फिनिशियन संस्कृती संपवली का?

हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. अरब फौजा ६३० च्या दशकात आल्या. तोवर या किनाऱ्यावरची फिनिशियन भाषा लोप पावून काही शतकं लोटली होती. तिची जागा घेतली आरमाईक आणि ग्रीकने. मेलकार्त आणि एश्मूनची देवळं बंद पडली ती ख्रिस्ती धर्मामुळे. शिवाय अरबीभाषक टोळ्या या भागात इस्लामच्या आधीपासून वावरत होत्या. अरबांनी येऊन जुनी माणसं हाकलली असंही झालं नाही. बहुतेक माणसं तीच राहिली, हळूहळू त्यांची भाषा बदलली, अनेकांचा धर्म बदलला.

लेबनीज बोली ही अरबी नाहीच, असं काही जण म्हणतात. खरं का?

लेखक नसीम निकोलस तालेब हे मोठ्या हिरीरीने म्हणतात. त्यांच्या आधी कवी सईद अक्ल यांनी त्यावर आयुष्य वेचलं. ‘लेबनीज’ ही स्वतंत्र भाषा मानून त्यांनी तिच्यासाठी रोमन अक्षरांवर बेतलेली लिपी घडवली आणि १९६१ मध्ये त्या लिपीत कवितासंग्रह छापला. लिपी चालली नाही. गंमत म्हणजे याच माणसाची अभिजात अरबी इतकी देखणी होती, की मक्केवरची त्यांची कविता लेबनीज गायिका फैरूझने गायली आणि अरब जगाने ती डोक्यावर घेतली. अक्ल २०१४ मध्ये, शंभरी ओलांडून वारले.

भाषेपुरतं बोलायचं तर बोलीत आरमाईकचा थर नक्की आहे. ‘कफर’ने सुरू होणारी ढीगभर गावं आहेत, कफर म्हणजे आरमाईकमध्ये गाव. मॅरोनाइटांची प्रार्थना आजही अंशतः सिरियाकमध्ये, म्हणजे आरमाईकच्याच एका रूपात, चालते, आणि पूर्वी ते अरबीसुद्धा सिरियाक अक्षरांत लिहायचे. त्याला ‘कर्शुनी’ म्हणतात. पण आरमाईक आणि फिनिशियन या बहिणी, एक भाषा नव्हे. आणि बैरूतच्या रस्त्यावर ‘हाय, कीफक, सा वा?’ असं तीन भाषांत क्षेमकुशल विचारतात, त्यातला मधला, रोजचा शब्द अरबीच.

मुळाक्षरं फिनिशियनांनी शोधली ना?

मूळ कल्पना त्यांच्या आधीची, सिनाई आणि कनानमधली. फिनिशियनांनी ती २२ व्यंजनांच्या आटोपशीर संचात बसवली आणि जहाजातून सगळीकडे नेली. ग्रीकांनी त्यात स्वर घातले. हेरोडोटस याचं श्रेय फिनिशियन कॅडमसला देतो.

मराठी वाचकांचा इथे खरोखर संबंध येतो. फिनिशियनमधून आरमाईक लिपी निघाली, आणि ब्राह्मीमागे आरमाईकची प्रेरणा असावी असं बऱ्याच विद्वानांचं मत आहे, सगळ्यांचं नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख पाहिला असेल तर त्यातला ‘ग’ आठवा: घराच्या छपरासारख्या दोन तिरप्या रेघा. फिनिशियन ‘गिमेल’ त्याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. यावरून कोणी आपल्यालाही फिनिशियन ठरवू नये म्हणजे झालं.

फिनिशियन अमेरिकेला पोचले होते का?

नाही. ब्राझीलचा ‘पाराईबा शिलालेख’ दाखवला जातो. तो १८७० च्या दशकातला बनाव आहे.

लेबनॉनची राज्यघटना याबद्दल काय म्हणते?

१९४३ मध्ये मॅरोनाइट राष्ट्राध्यक्ष बिशारा अल-खूरी आणि सुन्नी पंतप्रधान रियाद अस-सुल्ह यांच्यात तोंडी समझोता झाला: ख्रिश्चनांनी फ्रान्सकडे पाहायचं नाही, मुसलमानांनी सीरियाकडे पाहायचं नाही, आणि देशाचा ‘चेहरा अरबी’ असेल. चेहरा! आत काय, ते ज्याने त्याने ठरवावं. पंधरा वर्षांच्या यादवीच्या (१९७५-९०) अखेरीस तैफ करार झाला आणि १९९० मध्ये प्रास्ताविकेत स्पष्ट लिहिलं गेलं, की लेबनॉन ओळखीने आणि नात्याने अरब आहे. फिनिशियनांचा उल्लेख नाही.

त्या यादवीत ‘देवदाराचे रक्षक’ ही कट्टर संघटना फिनिशियन वारसा मिरवत पॅलेस्टिनींविरुद्ध लढली. सईद अक्ल तिचे वैचारिक गुरू. तेव्हापासून अनेकांच्या कानाला ‘आम्ही फिनिशियन’ हे वाक्य रानटी लागतं, म्हणणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी.

मग हा सगळा दावा बनावट म्हणून सोडून द्यायचा का?

इतकं सरळ नाही. लेबनीज इतिहासकार कमाल सलीबी यांनी १९८८ मध्ये, यादवी चालू असताना, सगळ्याच पंथांच्या वंशकथा सोलून काढल्या. फिनिशियन मूळ जितकं सोयीने निवडलेलं, तितकंच येमेनी टोळ्यांचं मूळही. फिनिशियनवाल्यांना तेवढं हसणं अन्यायाचं आहे. त्या काळी हे वारंच होतं: इजिप्तमध्ये फेरो, तुर्कस्तानात हित्ती. तुतनखामेनची कबर सापडली १९२२ मध्ये, बिब्लॉसच्या अहीराम राजाची शवपेटी १९२३ मध्ये. ट्युनिशियाचा फुटबॉल संघ आजही ‘कार्थेजचे गरुड’ म्हणवतो आणि त्यावरून तिथे कोणी कोणावर गोळ्या झाडत नाही.

बैरूतला गेलो तर यातलं काय पाहता येईल?

राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय. अहीरामची पेटी तिथे आहे, तिच्या काठावर फिनिशियन अक्षरांत कबर उघडणाऱ्याला शाप कोरलेला. यादवीत हे संग्रहालय नेमकं पूर्व आणि पश्चिम बैरूतच्या सीमारेषेवर आलं. हलवता येण्याजोग्या वस्तू संचालक मॉरिस शिहाब यांनी तळघरात भिंतीआड दडवल्या, आणि जड शवपेट्यांभोवती जागच्या जागी काँक्रीटचे खोके ओतून घेतले. वर सैनिक राहत होते, भिंतींवर लिहीत होते, शेकोट्या पेटवत होते. खोके फोडले तेव्हा आतले राजे सुखरूप निघाले.

एक मोझेक मात्र भिंतीवर होतं, मेंढपाळाचं. त्यात नेमबाजाने बंदुकीसाठी भोक पाडलं. दुरुस्ती करताना ते तसंच ठेवलंय. तिकीट काढताना विचारा, दाखवतात.